दोन किलोमीटरवर

गाडीवर बसून फळी चढायची नाही.
हे पहिलं.
दगूभाऊ आहेर हे सांगताना पँट गुडघ्यापर्यंत वर करायचे,
नडगीवरचा वळ दाखवायचे, म्हणायचे,
अंबड. पाऊस नव्हता, घाई होती.
मग चहा सांगायचे.

डाव्या अंगाने चालायचं,
दवाखान्याच्या जिन्यावरून कुणाला वर नेतो तसं.
दोन बोटं सतत ब्रेकवर.
ओढणारा नको, सोबत चढणारा पाहिजे.

त्याआधी फळीवरून तळहात फिरवायचा.
द्राक्षांच्या दिवसांत आमचा ट्रक
दुपारी पिंपळगावचे क्रेट वाहतो, रात्री मोडलेल्या गाड्या,
आणि चिरडलेला एक मणी पुरतो
सव्वाशे किलो खाली आणायला.

पट्टा हँडलला बांधणं म्हणजे
बैल सोडून झूल धरणं.
खाली घालायचा, जिथे दोन्ही फोर्क एका लोखंडात जाऊन बसतात.
मध्ये फडकं, रंगाला ओरखडा नको,
हप्ता अजून चालू असतो लोकांचा.
आणि फोर्क अर्धेच दाबायचे.
पूर्ण दाबले तर ऑइलसील जातं,
नाही दाबले तर पहिल्या खड्ड्यात गाडी उसळते
आणि आकडा निसटतो.
अर्धे म्हणजे किती, मी विचारलं होतं.
रागावलेल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवतोस ना,
तेवढे.

साइड स्टँड वर.
आता स्वतःच्या पायावर उभं राहायचं
तिचं काम नाही.

त्या रात्री राजूर फाट्याजवळ खडीवरून घसरली होती
कुंदा वाघचौरे, वय बावन्न,
पॅकहाउसची शिफ्ट संपवून निघालेली.
कोपराला रुमाल बांधून रस्त्यावर वाकून
इंडिकेटरचे नारिंगी तुकडे वेचत होती,
एकेक पर्समध्ये टाकत होती.
आवाज अगदी साधा. रडणं नाही, आरडाओरडा नाही.
किती घ्याल, म्हणाली. पावती देता का.
फळी लावली तर पुढे आली,
मी धरते की मागून.
मागे नाही, ताई. फळीच्या मागे कुणीच उभं राहायचं नाही,
मालकसुद्धा.
ती बाजूला झाली. पण हात पुढेच होते तिचे,
गाडी वर जाईपर्यंत.

चार पट्टे. कट् कट् कट्.
पुढचं चाक फळकुटाला टेकलं.
मी मडगार्डवर हात ठेवून हलवून पाहिलं,
अख्खा ट्रक हलला, गाडी नाही.

केबिनमध्ये ती बोलतच होती:
खडी कुणी टाकली, मेकॅनिक किती लुटतो,
मुलाला फोन करायचा नाही, तो उगाच येईल नाइट सोडून.

विल्होळीच्या पुढे एका बंद टायरवाल्यासमोर मी ट्रक थांबवला.
काय झालं?
काही नाही, म्हटलं. दोन किलोमीटर झाले.
हा भाऊंचा शेवटचा नियम, याला व्रण नव्हता दाखवायला.
रस्ता गाडीला बसवतो, म्हणायचे.
टायर जागा धरतात, स्प्रिंगा निवतात, घट्ट पट्टा ढिला पडतो.
त्यात बांधणाऱ्याची चूक नसते.
न थांबणाऱ्याची असते.

मागचा उजवा दोन बोटं सैल होता.
कट् कट्.

परत आलो तर तिच्या हातात पाण्याची बाटली
आणि दुसऱ्या हातात झाकण,
आणि ते दोघं एकमेकांना सापडत नव्हते.
पाणी साडीवर, सीटवर, गिअरवर.
मघाशी तर बरा होता की हात, ती म्हणाली,
हाताकडेच बघत, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

मी तिला भाऊंचं वाक्य सांगितलं असतं.
झाकण घेतलं आणि फिरवून लावलं फक्त.
थोडा वेळ इंजिन बंदच ठेवलं.
कंटेनर जात होते शेजारून, प्रत्येक वेळी केबिन डुलायची.

आता पुन्हा कधी थांबणार?
आता एकदम सिडको.
थांबा की एकदा, ती म्हणाली. चहाला.

पाथर्डी फाट्यावर एकच टपरी उघडी होती.
पैसे तिनेच दिले, डाव्या हाताने,
आणि पेला ठेवून आधी ट्रकच्या मागे गेली,
एकेका पट्ट्याला बोट लावून आली.